चाळीस श्रोत्यांची रात्र : मँचेस्टर, ४ जून १९७६

#थ्रेड #इतिहास #संगीत

१/
४ जून १९७६, शुक्रवार. इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात, एका भव्य इमारतीच्या वरच्या मजल्यावरील छोट्या सभागृहात लंडनच्या एका नवख्या रॉक बँडचा कार्यक्रम झाला. तिकीट ५० पेन्स. श्रोते साधारण चाळीस. त्या चाळिसांतील काहींनी पुढच्या काही वर्षांत जे बँड उभे केले, त्यांनी ब्रिटिश संगीताचे वळणच बदलले. 'आम्ही त्या रात्री तिथे होतो' असे सांगणाऱ्यांची संख्या मात्र पुढे हजारांत गेली. हा थ्रेड त्या रात्रीच्या श्रोत्यांविषयी आहे.

२/
संगीताचा इतिहास बहुधा मंचाच्या बाजूने लिहिला जातो. कोणी काय गायले, कोणती तबकडी कधी निघाली, कोण कोणापासून विभक्त झाले, हा त्याचा नेहमीचा मजकूर. तिकीट काढून अंधारात उभा राहणारा रसिक त्यात केवळ संख्येपुरता येतो. मँचेस्टरच्या उदाहरणात ही पद्धत अपुरी पडते. येथे घडलेली मुख्य ऐतिहासिक घटना मंचावर घडली नाही. ती मंचासमोरच्या खुर्च्यांमध्ये घडली.

३/
प्रथम ती इमारत. तिचे नाव फ्री ट्रेड हॉल. ती जेथे उभी आहे तो परिसर म्हणजे सेंट पीटर्स फील्ड. १६ ऑगस्ट १८१९ रोजी संसदीय सुधारणांची मागणी करण्यासाठी येथे जमलेल्या प्रचंड सभेवर घोडदळ घालण्यात आले आणि अनेक माणसे मारली गेली. हेच पीटर्लूचे हत्याकांड. पुढे १८४६ मध्ये धान्य आयातीवर निर्बंध घालणारे 'कॉर्न लॉज' पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी रद्द केले. मुक्त व्यापारवाद्यांच्या त्या विजयाचे स्मारक म्हणून हे दगडी सभागृह १८५६ मध्ये पूर्ण झाले. मागे कापडाचा पैसा होता.

४/
ते कापड मराठी वाचकाला परके नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापूस बंद झाला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांना पश्चिम भारतातील कापूस लागला आणि त्या तेजीने मुंबईचे रूप पालटले. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी याच फ्री ट्रेड हॉलमधील राजकीय सभेत ख्रिस्टाबेल पँकहर्स्ट आणि ॲनी केनी यांनी स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न विचारून सभा अडवली. ब्रिटनमधील स्त्रियांच्या लढाऊ मताधिकार चळवळीचा तो आरंभ मानला जातो. त्याच महिन्यात पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली होती.

५/
१९७६ चे मँचेस्टर हे या वैभवाचे अवशेष होते. लँकेशायरच्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या होत्या. गोद्या ओस पडत होत्या. जुन्या वस्त्या पाडून बांधलेल्या काँक्रीटच्या नव्या इमारती काही वर्षांतच गळू लागल्या होत्या. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांपुढे कारकुनी, बेकारभत्ता किंवा लंडनची गाडी, एवढेच मार्ग दिसत. मात्र शहरात एका गोष्टीची विपुलता होती : रिकाम्या जागा. गोदामे, बंद चित्रपटगृहे, कामगारांचे ओस क्लब. पुढील कथेत या जागांना महत्त्व आहे.

६/
जागा रिकाम्या असल्या तरी संगीतासाठी खुल्या नव्हत्या. साठच्या दशकाच्या पूर्वार्धात मँचेस्टरमध्ये तरुणांचे लहान क्लब आणि कॉफी बार मोठ्या संख्येने होते. रात्र-रात्र तेथे बँड वाजत. पोलिसांना हे खुपत होते. १९६५ च्या मँचेस्टर कॉर्पोरेशन ॲक्टने अशा जागा तपासण्याचे व बंद करण्याचे व्यापक अधिकार प्रशासनाला दिले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत बहुतेक क्लब नाहीसे झाले. एका कायद्याने एका पिढीच्या रात्री संपवल्या. ज्यांचे वय तेव्हा दहा-अकरा होते, त्यांना १९७६ मध्ये जावे असे ठिकाण क्वचितच उरले होते.

७/
मग रॉक ऐकायचे कोठे? मोठ्या सभागृहांत, मोठ्या बँडचे. बॉब डिलन १९६६ च्या मे महिन्यात याच फ्री ट्रेड हॉलच्या मुख्य सभागृहात विद्युत गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा एका श्रोत्याने त्याला 'जूडास' म्हणून हाक मारली, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. सत्तरीच्या मध्यापर्यंत ते जगही दूर गेले होते. बँडकडे ट्रकभर वाद्ये व ध्वनियंत्रणा असे, गाणी पंधरा-वीस मिनिटांची असत आणि वादनाचे कौशल्य दिपवणारे. श्रोत्याने ते पाहून थक्क व्हायचे आणि घरी जायचे. हे आपणही करू शकू, असे त्याला वाटण्याचे कारण नव्हते.

८/
मँचेस्टरजवळच्या बोल्टन येथील तंत्रसंस्थेत हॉवर्ड ट्रॅफर्ड आणि पीटर मॅक्निश हे दोन विद्यार्थी होते. सूचनाफलकावरील एका जाहिरातीमुळे त्यांची ओळख झाली होती आणि त्यांना बँड काढायचा होता. फेब्रुवारी १९७६ मध्ये 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकात त्यांनी 'सेक्स पिस्टल्स' नावाच्या अपरिचित बँडच्या कार्यक्रमाचा वृत्तांत वाचला. दोघांनी गाडी मिळवली आणि अडीचशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून दक्षिणेत हाय विकम व वेल्विन येथे त्या बँडला लागोपाठ ऐकले. परतल्यावर दोघांनी नावे बदलली : हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली. त्यांच्या बँडचे नाव ठरले 'बझकॉक्स'.

९/
हे दोघे अद्याप कलावंत नव्हते. ते रसिक होते. आवडलेला बँड आपल्या गावात कोणी आणत नाही, म्हणून तो आपणच आणावा, इतका साधा त्यांचा विचार होता. त्यांनी फ्री ट्रेड हॉलमधील वरचे लहान सभागृह, म्हणजे 'लेसर फ्री ट्रेड हॉल', भाड्याने घेतले. स्वतःच्या बँडने आधी वाजवावे असा बेत होता, पण माणसे जुळली नाहीत. म्हणून 'सॉलस्टिस' हा स्थानिक बँड पहिल्या भागात आला. तिकीट ५० पेन्स. चाळीस माणसे धरली, तरी दाराशी जमलेली रक्कम जेमतेम २० पौंड होते.

१०/
त्या संध्याकाळी पीट शेली तिकिटांच्या खिडकीत बसला होता. पिस्टल्सचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लारेन बाहेर रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आत बोलावत होता. स्टीव्ह डिगल नावाचा तरुण तेथे दुसऱ्याच कोणाला तरी भेटण्यासाठी थांबला होता. बझकॉक्सची मंडळी एका बेस गिटारवादकाची वाट पाहत होती. तो हाच असावा असे समजून मॅक्लारेनने डिगलला आत नेऊन शेलीपुढे उभे केले. गैरसमज उलगडला, पण ओळख टिकली. डिगल बझकॉक्समध्ये दाखल झाला आणि पुढे अनेक दशके त्या बँडमध्ये राहिला.

११/
आत कोण होते? सॅल्फर्डचे दोन शाळासोबती, पीटर हुक आणि बर्नार्ड समनर, दोघेही वीस वर्षांचे. गोदीत कारकुनी करणारा मार्क ई. स्मिथ आणि त्याची मित्रमंडळी, त्यांत ऊना बेन्स ही तरुणी. सतरा वर्षांचा स्टीव्हन मॉरिसी. संगीतावर लिहू पाहणारा पॉल मॉर्ली. यांतील बहुतेकांना त्या दिवशी कोणीही ओळखत नव्हते आणि ते एकमेकांनाही फारसे ओळखत नव्हते. शहरात विखुरलेली, एकाच प्रकारे अस्वस्थ असलेली माणसे प्रथमच एका खोलीत आली होती. लहान मैफलीचे पहिले कार्य हेच असते.

१२/
त्यांनी जे ऐकले ते वादनदृष्ट्या असामान्य नव्हते. बँड कर्कश होता, उद्धट होता, गाणी लहान होती. दोन-चार स्वरमेळांवर गाणे उभे राहू शकते, हे डोळ्यांसमोर आणि चार हातांवर दिसत होते. पीटर हुकने आईकडून ३५ पौंड उसने घेतले आणि दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत आणली. त्याला ती वाजवता येत नव्हती. समनरकडे गिटार होती. त्या दोघांपासून जो बँड सुरू झाला, तो पुढे 'जॉय डिव्हिजन' आणि नंतर 'न्यू ऑर्डर' म्हणून जगाला माहीत झाला. स्मिथ, बेन्स आणि त्यांच्या मित्रांनी 'द फॉल' काढला.

१३/
येथे सभागृहाचा आकार निर्णायक ठरतो. हजारोंच्या मेळाव्यात हाच बँड याच रीतीने वाजला असता, तर तो केवळ वाईट वाजला असता. चाळीस माणसांच्या खोलीत मात्र वादकाची बोटे दिसतात, तो चुकला हे कळते आणि चुकूनही तो थांबला नाही हेही कळते. ऐकणारा आणि वाजवणारा यांच्यातील अंतर मीटरमध्ये मोजता येते. मराठी वाचकाने दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह आठवावे. १९७४ पासून 'आविष्कार'ने तेथे चालवलेल्या प्रायोगिक रंगभूमीची शक्तीही अशाच लहान जागेत होती.

१४/
२० जुलै १९७६ रोजी त्याच सभागृहात दुसरा कार्यक्रम झाला. या वेळी बझकॉक्स तयार होते आणि तोच त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम ठरला. 'स्लॉटर अँड द डॉग्ज' हा मँचेस्टरचाच दुसरा बँडही होता. सहा आठवड्यांपूर्वी चाळीस असलेले श्रोते आता काही शेकडा झाले होते. इयन कर्टिस हा तरुण पत्नीसह आला होता. पुढे तो जॉय डिव्हिजनचा गायक झाला. या दोन तारखा नंतरच्या आठवणींत एकमेकींत मिसळल्या आणि इतिहासकारांची अडचण तेथून सुरू झाली.

१५/
कारण पहिल्या रात्री नेमके कोण होते, याची यादी कोणी केली नव्हती. हाती काय आहे? काही छायाचित्रे, श्रोत्यांतून केलेले एक ध्वनिमुद्रण आणि मॉरिसीने त्याच महिन्यात 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ला लिहिलेले पत्र. समकालीन पुरावा मोजकाच. बाकी सारे दहा, वीस, तीस वर्षांनंतरचे कथन. ग्रॅनाडा दूरचित्रवाणीचा निवेदक टोनी विल्सन आपण पहिल्याच रात्री होतो असे आयुष्यभर सांगत राहिला. तो दुसऱ्या कार्यक्रमाला आला असावा, असे मानणारे अभ्यासक आहेत. पत्रकार डेव्हिड नोलन याने या शोधावर जे पुस्तक लिहिले, त्याचे शीर्षकच 'शपथेवर सांगतो, मी तिथे होतो' अशा अर्थाचे आहे.

१६/
अशा दाव्यांना खोटेपणा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. इतिहासाच्या दृष्टीने तेही एक साधन आहे. लाखोंच्या महोत्सवाला गेल्याची बढाई सहसा कोणी मारत नाही, चाळिसांच्या मैफलीला गेल्याची मारतात. म्हणजे लोकांच्या मनात लहान मैफलीतील उपस्थिती ही सहभागाची खूण आहे. तेथे असणे म्हणजे त्या घटनेचा वाटेकरी असणे. स्मृती चुकीची असेल, पण तिने मूल्य कोठे ठेवले आहे ते ती अचूक सांगते.

१७/
पुढची दोन वर्षे मँचेस्टरच्या रसिकाने रात्री कोठे घालवल्या, त्याचा नकाशा काढता येतो. शहराच्या मध्यभागी 'द रँच' हा बार. स्त्रीवेशातील विनोदी कलावंत फू फू लॅमर याच्या क्लबला लागून असलेल्या या जागेत समलिंगी ग्राहकांचा वावर होता, त्यामुळे विचित्र केस आणि फाटके कपडे पाहून तेथे कोणी हाकलत नसे. कॉलीहर्स्ट या पडक्या वस्तीतील 'इलेक्ट्रिक सर्कस'. दाराशी रांगेत उभ्या असलेल्यांवर आसपासची मुले बाटल्या फेकत, अशा आठवणी अनेकांनी नोंदवल्या आहेत. स्वॉन स्ट्रीटवरील 'बँड ऑन द वॉल'. २९ मे १९७७ रोजी हुक, समनर आणि कर्टिस यांचा बँड 'वॉर्सॉ' या नावाने प्रथम वाजला, तो इलेक्ट्रिक सर्कसमध्येच. ऑक्टोबरात ती जागा बंद झाली.

१८/
या रात्रींचा प्रातिनिधिक पुरुष शोधायचा, तर तो कोणी प्रसिद्ध गायक नाही. तो टपालखात्यात नोकरी करणारा 'जॉन द पोस्टमन'. तो कार्यक्रमामागून कार्यक्रमाला येई. बँड वाजवून खाली उतरला, की हा मंचावर चढून ध्वनिक्षेपक हाती घेई आणि 'लुई लुई' हे जुने गाणे आपल्या मनाप्रमाणे, बेसूर, जितका वेळ जमेल तितका वेळ गाई. कोणी त्याला हटवत नसे. हळूहळू त्याच्या गाण्याशिवाय कार्यक्रम संपला असे वाटेनासे झाले. १९७८ मध्ये त्याची स्वतःची तबकडीही निघाली. मंच आणि श्रोते यांच्यामधील रेषा किती पुसट झाली होती, याचा याहून ठळक पुरावा नाही.

१९/
ज्यांना गाता येत नव्हते त्यांनी लिहिले. टंकलेखन करायचे, चित्रे कापून चिकटवायची, प्रती काढायच्या आणि पुढच्या कार्यक्रमाच्या दाराशी विकायच्या. या पत्रिकांना 'फॅनझिन' म्हणत. साठच्या दशकातील मराठी अनियतकालिकांचे सायक्लोस्टाइल अंक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही जातकुळी लगेच ओळखू येईल. लंडनमध्ये जुलै १९७६ पासून 'स्निफिन ग्लू' निघत होते. मँचेस्टरमध्ये पुढे 'सिटी फन' निघाले. मोठी वृत्तपत्रे लंडनमधून लिहीत असताना आपल्या गावात काल रात्री काय झाले, याची नोंद या पत्रिकांनी ठेवली. आजच्या संशोधकाला ती रद्दी मौल्यवान आहे.

२०/
आता 'इंडी' हा शब्द. २८ डिसेंबर १९७६ रोजी बझकॉक्सनी चार गाणी ध्वनिमुद्रित केली. लंडनच्या कंपन्यांच्या दाराशी जाण्याऐवजी त्यांनी सुमारे ५०० पौंड उसने जमवले. त्यांतील मोठा वाटा शेलीच्या वडिलांनी दिला. 'न्यू हॉर्मोन्स' हे स्वतःचेच लेबल काढून २९ जानेवारी १९७७ रोजी त्यांनी 'स्पायरल स्क्रॅच' ही तबकडी प्रसिद्ध केली. पहिल्या प्रती १,०००. त्या संपल्या आणि पुढे विक्री सुमारे १६,००० पर्यंत गेली. कोणते गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले, हे वेष्टनावर छापले होते. तबकडी कशी बनते यात गूढ काही नाही, असे ते जणू ग्राहकाला सांगत होते.

२१/
त्या वेष्टनावरील छायाचित्र पिकॅडिली गार्डन्समधील एका पुतळ्यापाशी काढलेले आहे. पुतळा रॉबर्ट पील यांचा, म्हणजे ज्यांच्या निर्णयाचे स्मारक म्हणून फ्री ट्रेड हॉल उभा राहिला त्यांचाच. हा योगायोगच असावा. परंतु ज्या शहराने जगाला मुक्त व्यापार शिकवला, त्या शहरातील मुलांनी मोठ्या कंपन्यांना वगळून स्वतःचा माल स्वतः विकण्यास याच पुतळ्याच्या पायथ्याशी आरंभ केला, ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

२२/
लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिसने १९७६ मध्ये उघडलेल्या 'रफ ट्रेड' या दुकानासारख्या ठिकाणांनी अशा तबकड्या देशभर पोहोचवल्या. अल्पावधीत लहान लेबले इतकी झाली, की जानेवारी १९८० पासून ब्रिटनमध्ये त्यांच्या विक्रीची स्वतंत्र क्रमवारी छापली जाऊ लागली. स्वतंत्र कंपन्यांचे संगीत, म्हणून 'इंडिपेंडंट', आणि त्याचे लघुरूप 'इंडी'. आज हा शब्द गिटारच्या विशिष्ट आवाजासाठी वापरला जातो. मुळात तो आवाजाचा शब्द नव्हता. माल कोणाचा आणि तो कोण विकतो, याचा तो शब्द होता.

२३/
१९ मे १९७८ रोजी टोनी विल्सन आणि अॅलन इरॅझमस यांनी ह्यूम भागातील रसेल क्लबमध्ये 'द फॅक्टरी' या नावाने संगीतरात्री सुरू केल्या. ही मुळात बसचालक-वाहकांच्या क्लबची जागा. कॅरिबियन वंशाच्या स्थानिक रहिवाशांची तेथे ये-जा असे. या रात्रींतून 'फॅक्टरी रेकॉर्ड्स' हे लेबल जन्मले. 'स्पायरल स्क्रॅच'चा निर्माता मार्टिन हॅनेट आता जॉय डिव्हिजनचे ध्वनिमुद्रण करू लागला. १८ मे १९८० रोजी इयन कर्टिसने वयाच्या तेविसाव्या वर्षी आत्महत्या केली. उरलेल्यांनी 'न्यू ऑर्डर' म्हणून काम पुढे नेले. १९८२ मध्ये मॉरिसीने 'द स्मिथ्स' काढला आणि तो रफ ट्रेडच्या लेबलवर आला.

२४/
या कथेचे गौरवीकरण करताना सावधगिरी हवी. श्रोत्यांत गोऱ्या तरुण पुरुषांचे प्रमाण मोठे होते. ह्यूमच्या कॅरिबियन वस्तीतील क्लबात या रात्री झाल्या, पण त्या वस्तीची नावे इतिहासात फारशी उतरली नाहीत. ऊना बेन्ससारखी वादक आणि बझकॉक्सच्या वेष्टनांसाठी कोलाज करणारी लिंडर यांचे श्रेय मान्य व्हायला दीर्घ काळ लागला. 'त्या चाळिसांत मीही होतो' हे वाक्य पुरुषांच्या तोंडीच अधिक ऐकू येते. लहान खोली सर्वांना सारखी खुली होती, असा निष्कर्ष पुराव्यावरून निघत नाही.

२५/
तरीही मूळ मुद्दा टिकतो आणि तो आज अधिक तातडीचा आहे. 'ओएसिस' या मँचेस्टरच्या बँडचा पहिला कार्यक्रम ऑगस्ट १९९१ मध्ये 'बोर्डवॉक' या लहान क्लबात झाला. मे १९९३ मध्ये 'क्रिएशन' या स्वतंत्र लेबलच्या अॅलन मॅगी याने त्यांना ऐकले, ते ग्लासगोच्या 'किंग टट्स'मध्ये. तेथे जेमतेम तीनशे माणसे मावतात. जुलै २०२५ मध्ये तोच बँड मँचेस्टरच्या हीटन पार्कमध्ये पाच रात्री अफाट जनसमुदायापुढे वाजला. तिकिटांच्या किमतींवरून देशभर वाद झाला. बोर्डवॉक मात्र त्याआधीच बंद होऊन पंचवीसहून अधिक वर्षे झाली होती.

२६/
ब्रिटनमधील लहान संगीतस्थळांसाठी २०१४ मध्ये 'म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली. तिच्या नोंदीनुसार एकट्या २०२३ मध्ये अशा १२५ जागांतील संगीत थांबले. कारणे ठरलेली आहेत : वाढते भाडे, वीजबिल आणि शेजारी नव्याने झालेल्या सदनिकांतून येणाऱ्या आवाजाच्या तक्रारी. मँचेस्टरच्या 'नाइट अँड डे कॅफे'ला २०२१ मध्ये आवाजाबद्दल नोटीस मिळाली आणि प्रकरण २०२४ पर्यंत न्यायालयात चालले. १९६५ मध्ये जे एका कायद्याने केले, ते आता जागेचे भाव करत आहेत.

२७/
उपायही सुचवले गेले आहेत. २०१८ पासून इंग्लंडच्या नियोजन धोरणात असे तत्त्व आले, की जुन्या संगीतस्थळाशेजारी नवी इमारत बांधणाऱ्यानेच आवाजरोधनाची जबाबदारी घ्यावी. २०२४ मध्ये संसदीय समितीने मोठ्या मैदानांतील कार्यक्रमांच्या तिकिटांवर लहान जागांसाठी ऐच्छिक अधिभार सुचवला. यामागचे तर्कशास्त्र शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही : पीक विकून आलेल्या पैशातून बियाणे बाजूला ठेवावे लागते.

२८/
मुंबईतही याचा पडसाद आहे. मँचेस्टरच्या गिरण्यांशी ज्यांनी स्पर्धा केली, त्या गिरणगावच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून थांबल्या. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये 'ब्लू फ्रॉग' हे संगीतस्थळ उघडले, भारतीय स्वतंत्र बँडच्या एका पिढीला त्याने मंच दिला आणि २०१६ मध्ये तेथील संगीत थांबले. दोन्ही शहरांत कापड गेल्यावर गाणे आले. जागेचा भाव वाढल्यावर गाण्याला तेथे राहता येईल का, हा प्रश्नही दोन्हीकडे सारखाच उभा राहिला.

२९/
फ्री ट्रेड हॉलमधील वाद्यवृंद १९९६ मध्ये नव्या वास्तूत गेला. दर्शनी भाग राखून मागे हॉटेल उभे राहिले आणि २००४ मध्ये ते सुरू झाले. जेथे ती चाळीस माणसे बसली होती, ते लहान सभागृह आता नाही.

त्या रात्री जमलेल्या वीसेक पौंडांत कोणाचेही दिवाळे निघण्यासारखे नव्हते आणि कोणी श्रीमंत होण्यासारखेही नव्हते. फसण्याची भीती नसलेली, भाडे परवडणारी एक खोली दोन विद्यार्थ्यांना मिळाली, एवढीच या साऱ्याची पूर्वअट होती. आज रात्री कोठेतरी तितकेच श्रोते एखाद्या अनोळखी बँडसमोर उभे असतील. त्यांतील कोण उद्या गिटार विकत घेईल, हे आज सांगता येणार नाही. त्यांना उभे राहायला जागा आहे की नाही, एवढे मात्र पाहता येते.

थ्रेड समाप्त.